घरभाड्याचं शपथपत्र

इन्कम टॅक्सची नोटीस पूर्वी पोस्टमन आणायचा आणि गावभर बोभाटा व्हायचा, असं आमचे जुने शिक्षक सांगतात. माझी ईमेलवर आली. मी तिसरीच्या वर्गावर होते. घरभाड्यावर करात सूट घेतली आहे, तर भाडं खरोखर दिल्याचा पुरावा द्या, एवढाच मजकूर होता. पुढचे पाढे पोरांनी आपापले म्हटले.

भाडं मी देतच होते. नवरा गेल्यापासून केजजवळच्या गावातल्या घरात मी आणि सासू, दोघीच राहतो. घर सासूच्या नावावर. धाकटे दीर पुण्याला असतात, दिवाळीला येतात आणि जाताना घर फिरून नीट पाहून जातात. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. बीडच्या करसल्लागारांनीच सुचवलं होतं, की आत्यांना दरमहा बँकेतून भाडं द्या. तुमचा कर वाचेल, त्यांच्याही हातात चार पैसे राहतील. कायद्यात ते बसत होतं. पावत्या मी लिहायची आणि आत्या सही करायच्या. सुनेनं पुढं केलेला कागद वाचायचा असतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

नोटीस पाहून सल्लागार म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. बँकेचा उतारा आहेच. सोबत घरमालकिणीचं शपथपत्र जोडा, म्हणजे विषय संपला."

म्हणून आत्यांना घेऊन केजला गेले. तहसीलसमोर टेबल टाकून बसणारे नोटरी वकील कागद मोठ्यानं वाचून दाखवतात. आजूबाजूला कामासाठी आलेले लोकही फुकटात ऐकून घेतात. वकिलांनी सुरुवात केली, "माझी सून सदर घरात भाडेकरू म्हणून राहत असून..." तेवढ्यात आत्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मी न्हाई करणार सही."

"आवो आत्या, पैसे येत्यात ना तुमच्या खात्यावर?" मी विचारलं.

"येत्यात. पर ही सही न्हाई."

वकील हसले, लोकही हसले. मी मात्र जाम भडकले. सुनेकडून भाडं घेते म्हटल्यावर चारचौघांत हिची मान खाली जाणार, म्हणून माझं रिटर्न खोटं ठरणार? दंड भरायचा मी, आणि शाळेत तोंड दाखवायचं तेही मीच! जीपच्या थांब्यापर्यंत मी त्यांच्या पुढं पुढं चालत गेले. तिथं मात्र राहवलं नाही. "लोकांची लई काळजी तुमाला. माझी हाय का?" असं मी तोडून विचारलं.

जीप भरायला वेळ होता. आत्यांनी मला थोडं बाजूला ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लोकं गेली चुलीत. स्टॅम्पावर तुला भाडेकरू लिवलं, अन् उद्या मी डोळे मिटले, तर धाकटा त्योच कागद घिऊन दारात येईल. म्हणंल, वहिनी, खोली खाली करा. मग कुटं जाशील?"

मला तिथंच रडू फुटलं. जीपवाला भाडं मागायला आला होता, तो बिचारा मागे फिरला. करसवलतीचं प्रत्येक कलम मी दोनदा वाचलं होतं, पण आपण पुढं कुठं राहणार हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सल्लागारांना फोन करून सांगितलं, सूट सोडून द्या, होईल तो कर व्याजासकट भरते. ते वैतागले. खरं असताना माघार घेणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी.

"बरं, उत्तरात कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा, मी माझ्या स्वतःच्या घरात राहते."

त्यांनी त्याचा पुरावा मागितला नाही. मागितला असता, तर मी आत्यांनाच समोर नेऊन उभं केलं असतं.