सड्यावरचा माणूस

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, छातीत चार दिवस दुखत होतं, तर तो बोलला का नाही? याचं उत्तर मला कोणीच दिलं नाही. किस्से मात्र सगळे देतात! तो जाऊन महिना होतोय, पण आमच्या ओटीवर टेकलेला माणूस चहा संपेपर्यंत दादाचा एक तरी किस्सा ठेवून जातो. काही माझेही आहेत.

दादा सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-पठारावरच्या, कातळशिल्पांची राखण करायचा. जांभ्या कातळात कोणी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासा, माणूस खोदून ठेवलेत. भोवती दगड रचून केलेला बुटका गडगा. आता राखण माझ्याकडे आलीय. मी सातवीत शाळा सोडलेला. दादासारखं दाखवायला जमेल का, हीच भीती.

*

एका पाहुण्यानं दादाला विचारलं, "हे नक्की काढलं कोणी?"

"आमच्या वाडीतलं कोणी नाही. सगळ्यांना विचारून झालंय!"

*

शेजारच्या काकी हत्तीवर आमसुलं वाळत घालायच्या. गडगा झाला तशा भांडायला आल्या. "मेल्या, चाळीस वर्षं घालतेय! हत्ती कधी काय बोलला?"

दादानं त्यांना पलीकडचा कोरा कातळ झाडून दिला. पुढे कोणी गडग्यावर चढलं, की दादाच्या आधी काकीच ओरडायच्या, "उतर रे! हत्तीला लागेल!"

*

एकदा एक टोळकं माशावर बसून व्हिडिओ काढत होतं. माझं डोकं फिरलं. त्यांच्या चपला उचलून मी गडग्याबाहेर भिरकावल्या!

दादानं मला बाजूला घेतलं. "पाहुणे आहेत, गुरं नाहीत." मग स्वतः चपला गोळा करून आणल्या आणि त्यांच्यापुढे जोडीजोडीनं मांडल्या. सगळे मुकाट्यानं उठले.

*

मागच्या आठवड्यात दादाचा फोन वाजला. अंध मुलींच्या शाळेतल्या बाई होत्या. "सहल घेऊन येतोय. तुम्ही शब्द दिलाय, मुलींना माणूस दाखवीन म्हणून."

दादा गेला, हे माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "या."

नऊ मुली आल्या. एकेकीचा हात धरून मी खोदलेल्या रेघेवरून फिरवला. मासा लगेच कळला. माणूस काही केल्या कळेना. बोटं पायांशी पोचेपर्यंत डोकं कुठे होतं ते हरवायचं.

"दादा, पण हा आहे केवढा?" एकीनं विचारलं.

मी सरळ त्या रेघांच्या आत जाऊन उताणा झोपलो, दोन्ही हात पसरले आणि म्हटलं, "आता बघा."