बिनपंख्याचा लॅपटॉप

अण्णा गिऱ्हाइकाला आधी लॅपटॉप दाखवायचे नाहीत, चालायला लावायचे. माणसाने फळीवरच्या एखाद्या यंत्राकडे बोट केलं, की ते यंत्र, त्याचा चार्जर आणि पाण्याने भरलेली बाटली एका काळ्या पिशवीत घालून ती पिशवी ते त्याच्या खांद्यावर अडकवायचे. "चौकापर्यंत चालून या," म्हणायचे, "मग बोलू." सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या गल्लीत भर उन्हात काळी पिशवी घेऊन उगाच येरझारा घालणारा माणूस दिसला, की बाकीचे दुकानदार ओळखायचे, हा अण्णांकडचा. शेजारच्या कापडवाल्याने एकदा त्यांना विचारलं, एखादा पिशवीसकट पळाला तर? अण्णा म्हणाले, "पळता आलं म्हंजे वजन बरोबर हाय की."

मी त्यांच्याकडे गेले ती खांद्याच्या दुखण्यापायी. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजणं हे माझं काम. एका संस्थेच्या वतीने मी सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलांचे कान तपासत फिरते. आज अकलूज, परवा वेळापूर, पुढच्या आठवड्यात रेल्वेने जेऊर. तपासणीचं यंत्र डब्याएवढं असतं. ते लॅपटॉपला जोडायचं, मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, आणि बारीक आवाज ऐकू आला की त्याने हात वर करायचा. संस्थेने मला दिलेला लॅपटॉप जुना, मोठ्या पडद्याचा आणि चार्जरसकट जवळपास तीन किलोंचा होता. चार वर्षं तो उजव्या खांद्यावरून वाहिला आणि खांद्याने काम थांबवलं. संस्थेने नवीन घ्यायला परवानगी दिली.

अण्णांनी माझी बॅग हाताने उचलून पाहिली. "मॅडम, ह्यात काय लेकरू घालून आणलंय का?"

इतर दुकानांत मला काम काय करता आणि बजेट किती, एवढंच विचारलं होतं. अण्णांचे प्रश्न निराळे होते. एस्टीत बसायला मिळतं का उभ्याने जाता? शाळेत प्लग असतो का, आणि असला तर त्याच्यात लाईट असते का? टेबलावर काम करता का मांडीवर? जेवणाचा डबा ह्याच बॅगेत असतो का? मी उत्तर देत असताना ते माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. मला ते थोडं विचित्र वाटलं, पण सवय असेल म्हणून सोडून दिलं.

मी अर्थातच सगळ्यात हलका लॅपटॉप मागितला. काचेच्या कपाटात एक होता, वहीसारखा पातळ. अण्णांनी तो काढला, पण पिशवीत घातला नाही. "हलकं घेणं सोपं हाय, मॅडम. काय कमी करून हलकं केलंय, ते बघाय पायजे." मग त्यांनी ते एकेक करून दाखवलं. बॅटरी कमी केली होती. "दुपारी दोनला ह्यो झोपणार. मग तुमी चार्जर न्येणार. म्हंजे हलकं कुटं ऱ्हायलं?" जोडायला खाच एकच होती. "तुमची मशीन लावली की चार्जिंग बंद." बिजागरीही नाजूक होती. "एस्टीच्या गर्दीत कुणी टेकलं, की संपलं." तो त्यांनी मला विकलाच नाही. दुसरे दोन घेऊन मी चौकापर्यंत चालून आले आणि त्या दिवशी काहीच न ठरवता घरी गेले.

बाजारात अण्णांविषयी फारसं चांगलं बोललं जात नसे. माणूस इमानदार, पण माजोरी, असं मत होतं. कुणी पाठीमागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, की ते सरळ उठून कपाट पुसायला जायचे. फोन तर घ्यायचेच नाहीत. दुकानाच्या पाटीवर नंबर होता, पण तो लावणाऱ्याला नुसती रिंग ऐकू यायची. मीसुद्धा एकदा ते पाठमोरे असताना काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून मनातल्या मनात चिडले. कान तपासणं हा माझा धंदा आणि हे माझ्या लक्षात आलं नाही, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

त्याच सुमाराला वेळापूरचं प्रकरण झालं. तिथल्या शाळेत मी तपासलेल्या मुलांपैकी आठ जणांना खालच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येत नव्हते. मी चिठ्ठ्या दिल्या, आईबाप रोजगार बुडवून मुलांना घेऊन सोलापूरला आले. इथे माझ्या दवाखान्यात, आवाज न येणाऱ्या बंद खोलीत, तिथल्या यंत्रावर पुन्हा तपासलं तर आठांतल्या सात जणांचे कान ठणठणीत. एका मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "पोरीला ऐकू येतंय, हे आमाला ठाऊक व्हतंच की, मॅडम." त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी हेडफोन बदलून पाहिले, यंत्र कंपनीकडे पाठवून आणलं. दोष सापडेना.

दुसऱ्यांदा अण्णांकडे गेले तेव्हा हे मी त्यांना सहज सांगितलं. त्यांनी माझा जुना लॅपटॉप मागून घेतला, सुरू केला आणि पाचसात मिनिटं त्याच्या अंगावर तळवा ठेवून बसून राहिले.  मग म्हणाले, "ह्यो गुरगुरतोय. हात लावून बघा."

मी हात ठेवला. आतला पंखा फिरत होता आणि त्याची थरथर तळव्याला कळत होती.

"लेकरू ह्येच्या शेजारीच बसतं न्हवं?" अण्णा म्हणाले. "त्याला तुमचा बारीक आवाज कसा कळंल?"

चार वर्षं रोज ऐकून तो पंखा मला ऐकू येईनासा झाला होता. शाळेतल्या वर्गात, मुलाच्या कानापासून हातभर अंतरावर, त्याची घरघर तपासणीचे आवाज झाकून टाकत होती. मी अण्णांना विचारलं, हे तुम्हाला हाताने कसं समजलं? ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातले, घरी तेलुगू बोलणारे. दुकान काढण्याआधी वीसेक वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवले होते. "तितं कानाला काय कळत न्हाय. सगळे माग एकदम धडधडत्यात. कुटला बिघडणार हाय, ते हात ठिवूनच समजायचं."

आठवडाभराने त्यांनी माझ्यासाठी एक यंत्र मागवलं. तेरा इंची, वजन किलोच्या थोडंसं वर, आणि आत पंखाच नाही. वेगाने जरा मंद. "तुमाला काय त्याच्यावर पिच्चर काढायचा हाय?" एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत होती, खाचा पुरेशा होत्या, आणि काळी पिशवी घेऊन चौकापर्यंत जाऊन आले तेव्हा खांद्यावर काही आहे असं वाटलं नाही.

माझी मशीन त्यावर नीट चालते का हे तिथेच बघायचं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून हेडफोन मी अण्णांच्याच कानांवर चढवले आणि आवाज आला की हात वर करा म्हणाले. त्यांनी हात वर केला. परत केला. प्रत्येक वेळी, अगदी बरोबर. इतकं बरोबर की मला शंका आली. ते माझं बटणावरचं बोट बघत होते. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला. त्यानंतर त्यांचा हात मांडीवरच राहिला. मी आवाज वाढवत गेले. उंच पट्टीतले आवाज त्यांना जवळजवळ नव्हतेच. किती ऐकू येतं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ मधूनच खाली कोसळली होती. मागावर काम केलेल्या माणसांच्या कानांची अशी रेघ मी पूर्वीही पाहिली होती.

अण्णांनी हेडफोन काढले. "मशीन चालतंय न्हवं?"

"चालतंय," मी म्हणाले.

"मग झालं." त्यांनी वायर गुंडाळून ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी सांगू नका. हितं बाजारात बी नको. भैऱ्याच्या दुकानात कोण येणार?"

मी कानात लावायच्या यंत्राबद्दल सांगितलं, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढचे पाचसहा महिने मी काही ना काही निमित्त काढून जात राहिले आणि तेच सांगत राहिले. ते हसून लॅपटॉपचं विचारायचे. "काय म्हंतोय? दमत न्हाय न्हवं?"

अशाच एका दुपारी त्यांच्या पत्नी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. अण्णा बाहेर चहा सांगायला गेले तेव्हा त्या माझ्याजवळ सरकून बसल्या. त्यांची एकुलती एक मुलगी श्रावणी हैदराबादला असते, तिने स्वतःच्या पसंतीने दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं होतं. "सुरुवातीला हे रागावले, पण लग्नाला आले, जेवले, सगळं केलं. आता दोन वर्षं झाली, पोरीचा फोन आला की माझ्याकडं देत्यात. एक शब्द बोलत न्हाईत. ती रडती. मनातला राग गेलाच न्हाई ओ ह्यांच्या."

 अण्णांनी घरी सांगू नका म्हटलं होतं, आणि माझ्या व्यवसायात ते पाळावंच लागतं. अक्का गेल्यावर मात्र मी अण्णांच्या समोर, तोंड त्यांच्याकडे करून बसले आणि म्हणाले, "तुम्ही अजून रागावलेले आहात, असं अक्कांना वाटतं."

"कुणावर?"

"श्रावणीवर. तिलाही तसंच वाटतं. म्हणून तुम्ही फोनवर बोलत नाही."

अण्णा हातातला फडका घेऊन तसेच उभे राहिले. मग खाली बसले. त्यांना हे कळलंच नसावं असं मला वाटलं, मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ती लई भरभर बोलती, मॅडम," ते म्हणाले. "समोर असली की तोंडावरनं कळतं. फोनवर नुसती 'नान्ना' ही हाक तेवढी समजती. फुडचं काय समजत न्हाय. एकदा विचारलं, काय म्हणालीस? दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, जाऊ दे, अम्माला दे." फडक्याची घडी घालत ते म्हणाले, "तवापासनं मी आधीच अम्माला देतो."

पुढच्या सोमवारी ते माझ्या दवाखान्यात आले. अक्कांना बरोबर घेऊन आले होते आणि काय सांगायचं ते वाटेतच सांगून टाकलं असावं, कारण अक्कांचे डोळे लाल होते आणि त्या त्यांच्यावर चिडलेल्या होत्या. कानातलं यंत्र माणसाच्या गरजेप्रमाणे बसवावं लागतं, ते लॅपटॉपला जोडून आवाजाच्या पट्ट्या खालीवर कराव्या लागतात. मी तेच केलं. अण्णांनी पहिल्यांदा वर बघितलं आणि विचारलं, "ह्यो छताचा पंखा रोजच असा वरडतो?" मग कागदाचा आवाज आवडत नाही म्हणाले, स्वतःच्या चपलांचा आवाज आवडत नाही म्हणाले. सुरुवातीला सगळेच तसं म्हणतात.

अक्कांनी हैदराबादला फोन लावून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो कानाशी धरला आणि खूप वेळ नुसतं ऐकत राहिले. पलीकडे श्रावणी काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. मग ते तेलुगूत दोनतीन वाक्यं बोलले, आणि मध्येच फोन जरा बाजूला धरून अक्कांना मराठीत म्हणाले, "आवाज बदललाय की हिचा." मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

पुढे श्रावणीला मूल झालं, तेव्हा त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं आणि दोघं हैदराबादला राहायला गेले. जाताना ते माझा लॅपटॉप बघून गेले, बिजागरीत तेलाचा थेंब सोडून गेले. नंतर ते कधी सोलापूरला आले नाहीत. गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले. मला हे अक्कांकडून समजलं, तेही दोन महिन्यांनी, त्या इथलं घर आवरायला आल्या तेव्हा. त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढली. तीत अण्णांचं कानातलं यंत्र होतं. "पडून कशाला ऱ्हायचं," त्या म्हणाल्या. "कारखान्यातल्या कुणाला लागत असंल तर बसवून द्या."

तसं करता येतं. कानात बसणारा साचा नवा करायचा आणि आतली माहिती पुसून दुसऱ्या माणसाच्या कानाप्रमाणे भरायची. मी यंत्र लॅपटॉपला जोडलं. जोडल्यावर आधीच्या वापराची नोंद पडद्यावर येते, हे यंत्र दिवसाकाठी किती वेळ कानात होतं त्याची. माझ्याकडे येणारे बहुतेक जण चार तास, पाच तास लावतात आणि मग काढून ठेवतात. अण्णांच्या नोंदीत रोजचे सरासरी सोळा तास होते. झोप सोडून उरलेला सगळा दिवस.

जुनी माहिती पुसायची का, असं लॅपटॉपने विचारलं. मी थोडा वेळ तो आकडा बघितला आणि 'हो'वर बोट ठेवलं.