कार्मेनचा गाफ

झाड तहानलेलं असताना वसईच्या बागायतदाराला घास उतरत नाही. मार्टिनच्या घरी तर नियमच होता, वाडीतल्या केळींना पाणी सोडल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही. मार्टिन मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर आला, तरी त्याची ही खोड काही गेली नाही.

अल् घुब्रातल्या भाड्याच्या घरामागे त्याच्या बायकोने, कार्मेनने, गाफाचं रोप लावलं होतं. गाफ म्हणजे आपली शमीच, रेतीतसुद्धा तग धरणारी. लावलं त्याच वर्षी कार्मेन कॅन्सरने गेली. जाताना म्हणाली, "माझ्या झाडाकडे बघ हां." बिचाऱ्याने तेवढंच उराशी धरलं.

पुढे पावसाने पाठ फिरवली. वर्षामागून वर्षं कोरडी गेली. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, पलीकडच्या उंचवट्यावरचे रानातले गाफ करडे पडले, त्यांच्या फांद्या वाळल्या. मार्टिनचा गाफ मात्र हिरवागार. त्याने खोडाभोवती ऐसपैस आळं केलं होतं आणि कामावरून आला की कपडेही न बदलता तो ते काठोकाठ भरायचा.

घरमालकीण खुदेजा त्याला हटकायची. "मार्टिन, खलास, अब पानी बंद करो. प्यास लगेगी तो जडें नीचे जाएंगी."

"कार्मेन का झाड है, अम्मा. प्यासा कैसे रखूं?"



२००७च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. इतक्या वर्षांचा राहिलेला पाऊस एका दमात कोसळला. पाणी ओसरल्यावर मार्टिन मागे गेला, तर गाफ आडवा झालेला. मुळं परातीसारखी पसरलेली, बरोबर आळ्याएवढी. खोल गेलेलं एकही नव्हतं. दारात आयतं मिळत होतं, ती कशाला खाली जातील? पलीकडचे ते करडे, उपाशी गाफ मात्र जागच्या जागी उभे होते.

खुदेजा आली आणि चिखलात त्याच्या शेजारी उभी राहिली.

"मैंने ही गिराया, अम्मा."

"कार्मेन होती, तो वो भी रोज पानी देती," ती म्हणाली.

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याला ते सहन होईना.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी ताट आणून दिलं. मार्टिन सवयीने बादली घेऊन उठला आणि दाराशीच थांबला. पाणी घालायचं झाड उरलं नव्हतं. आता जेवायला बसायला काहीच हरकत नव्हती. तो बसलाही, पण घास काही उतरला नाही.