सरळ केलेला कॅमेरा

आमच्या ह्यांना वाकडं काही बघवत नाही. कुणाच्या घरी गेलो की चहा यायच्या आत हे उठून भिंतीवरची तसबीर सरळ करणार. पायपुसणं पायानं सरकवून दाराच्या रेषेत आणणार. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, चला, नीटनेटका नवरा मिळाला, नशीब काढलं! आता त्याच माणसाकडे बघून वाटतं, अहो, सगळ्या जगाच्या तसबिरी सरळ केल्यात, आणि स्वतःच्या पोटात एवढं काय ठेवून बसला होतात?

ह्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, चपलांच्या दुकानाला लागून. टीव्ही, टेपरेकॉर्डर, व्हिडिओ कॅमेरे. आता सगळं मोबाइलवर आल्यापासून गिऱ्हाईक तुरळक. तरी हे वेळेवर शटर उघडतात, साबणाच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेले स्क्रू पुन्हा एकदा लावून ठेवतात आणि गुणगुणत बसतात. मी दुपारी डबा घेऊन जाते. "आज काय दुरुस्त केलंत?" विचारलं की म्हणतात, "तुझ्या डब्याचं झाकण." विनोद तोच, वर्षानुवर्षं. मीही हसते, न हसून सांगते कुणाला!

तर त्या दिवशी मी डबा उघडून ठेवतच होते, तेवढ्यात आमचा भाचा आला. ह्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सगळं घर त्याला धांदऱ्या म्हणतं. आता त्याला दाढी आली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी धांदऱ्याच. हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

तो पहिलीत होता तेव्हा त्याचे वडील अचानक गेले. सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस परत आलाच नाही. भावोजींना व्हिडिओची भारी हौस. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या त्या छोट्या डिजिटल टेपा असायच्या ना, त्यांचा एक डबा भरला होता त्यांनी. ते गेल्यावर काही दिवसांनी ह्या पोरानं पाण्याचा तांब्या त्या डब्यावर उलटा केला. लहान मूल, तहान लागली, हात पोचला नाही, सांडलं. आम्ही टेपा पुसून ठेवल्या. पुढे ताईंनी मन घट्ट करून एक टेप कॅमेऱ्यात घालून टीव्हीला जोडली, आणि बघतो तर काय! भावोजींच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन. फरशी फुटल्यासारखा चेहरा. आवाज तुटत तुटत, एक अक्षर कळेना. दुसरी लावली, तिसरी लावली, सगळ्यांची तीच गत.

ताईंनी पोराला थोबाडीत दिली. ज्या बाईनं कधी बोट लावलं नव्हतं, तिनं. "बापाचा आवाजसुद्धा ठेवला नाहीस रे मला!" म्हणाल्या. मी तिथेच होते. पोरगं रडलंसुद्धा नाही, भिंतीला टेकून उभं राहिलं. ह्यांनी एक टेप हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "ओल गेली असेल आत. बघतो मी." टेपा आणि कॅमेरा दुकानात घेऊन आले. ताईंना तो कॅमेरा नजरेसमोरच नको होता.

तेव्हापासून पोराचं नाव धांदऱ्या. पुढे ते नाव लाडाचं झालं असं आम्ही समजत होतो. मीसुद्धा हाका मारायचे, "धांदऱ्या, जेवायला ये रे!" पण तो आजही पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो. कुणाच्या घरी गेला की हात मांडीवर ठेवून बसतो, समोरच्या वस्तूला शिवत नाही. मला ते दिसत होतं. मी म्हणायचे, गुणी आहे हो पोरगा.

त्या दिवशी तो दुकानात असाच बसला, हात मांडीवर. म्हणाला, "मामा, त्या टेपा द्या मला. पोरगी विचारते, आजोबा कसे बोलायचे म्हणून. भिजलेल्या टेपा सुधारणारी एक जागा कळलीय, तिथे पाठवतो. माझ्या हातून झालंय ना, मीच निस्तरतो."

ह्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. वाकून शोधायला लागले. बराच वेळ टेबलाखालीच होते. वर आले ते लाल होऊन. "रविवारपर्यंत थांब," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर जेवेनात. मी म्हटलं, भाजी खारट झालीय का? नाही. पोटात दुखतंय का? नाही. "मग तोंडात मूग धरून का बसलात?" मी ताट सरकवलं. तेव्हा हे बोलले.

"ओल नव्हती गं. एकाही टेपेच्या आत पाणी गेलं नव्हतं. मीच केलं ते."

भावोजी जायच्या महिनाभर आधी त्यांच्या मित्रानं सहलीची टेप दिली होती, ती ह्या कॅमेऱ्यात दिसेना. म्हणून कॅमेरा ह्यांच्याकडे दुरुस्तीला आला. त्याच्या आत टेप दोन बारीक खुंट्यांमधून जाते. त्या खुंट्या पहिल्यापासून जराशा वाकड्या बसल्या होत्या. त्यामुळे भावोजींनी भरलेल्या सगळ्या टेपांवर चित्र वाकडंच उमटलेलं. पण वाकड्यानंच लिहिलं आणि वाकड्यानंच वाचलं, तर बिघडतं कुठे? एखाद्याचं गिचमिड अक्षर त्याचं त्याला लागतं, तसं. ह्यांनी खुंट्या सरळ केल्या. काटेकोर, नियमाप्रमाणे. मित्राची टेप झकास दिसली, भावोजी खूश झाले. आणि जुनी एकही टेप त्या कॅमेऱ्याला वाचता येईनाशी झाली.

"सरळ करायच्या आधी जुन्या टेपा दुसरीकडे उतरवून घ्यायच्या असतात," हे म्हणाले. "आमच्या धंद्यात शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. वाकडं दिसलं आणि माझा हात थांबला नाही."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"टेपा दुकानात आणल्यावर आठवड्यातच लक्षात आलं होतं. म्हटलं, गुपचूप परत वाकडं करतो, टेपा दिसल्या की कुणी विचारणारही नाही. एक टेप लावली, खुंटी फिरवली, टेप आतच अडकली. कड चुरगळली. भावोजींच्या आवाजाची टेप! पुन्हा धीर झाला नाही. आणि तोवर सगळे पोरालाच बोलत होते..."

माझं डोकं असं फिरलं! "अहो, पहिलीतलं पोर होतं ते! बाप गेलेलं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती तुम्ही शेजारी उभं राहून बघितलीत?" मी खूप बोलले. मग मलाच माझी 'धांदऱ्या, जेवायला ये'ची हाक आठवली आणि मी गप्प झाले.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "आधी टेप नीट करतो. मग सांगतो त्याला."

"आणि नीट झाली नाही तर?"

ह्यांनी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मला कळलं की नीट झाली तरी हा माणूस सांगायचं टाळेल. चित्र हातात ठेवेल, पोरगं आनंदानं पाया पडेल आणि हा आशीर्वाद देऊन मोकळा होईल. मी म्हटलं, "रविवारी मीही येणार दुकानात."

रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून बसलो. ह्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. आधी ती चुरगळलेली टेपच लावली. म्हणाले, "जिचं नुकसान केलंय तिच्यावरच हात बसवतो." पडद्यावर चौकोनच चौकोन. हे सुईसारखा पेचकस घेऊन खुंटी मोहरीएवढी फिरवायचे, थांबायचे, बघायचे. उलट फिरवायचे. सरळ करायची सवय लागलेला हात, वाकडं करायला तयारच होईना. घाम कपाळावरून चष्म्यात उतरला, तो मी पदरानं पुसला. रागावलेली होते तरी पुसला.

बऱ्याच वेळानं चित्राचा वरचा अर्धा भाग साफ झाला. भावोजींचे केस, कपाळ, डोळे. खाली तोंडाच्या जागी चौकोन. "दुसरी खुंटी," हे पुटपुटले. ती हलवली तर वरचंही गेलं. पुन्हा मोहरीएवढं मागे.

आणि एकदम, आई गं, आवाज! "अगं, कॅमेरा हलवू नकोस!" भावोजी ताईंना म्हणत होते. गच्चीवर सायकल उलटी ठेवून तिची साखळी बसवत होते, हात काळे. कॅमेरा ताईंच्या हातात. दारातून आमचं पिल्लू, हाच भाचा, आलं, काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांत, जीभ बाहेर काढलेली, डोळे पाण्यावर. असं पाऊल मोजत मोजत आलं. भावोजींनी पेला घेतला, गटागट प्यायले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? एक थेंब सांडला नाही पठ्ठ्यानं!"

ह्यांनी पेचकस खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाठीवर हात ठेवायला गेले नाही. मग ती टेप संगणकावर उतरवून घेतली.

संध्याकाळी भाचा आला. मी पाणी दिलं, त्यानं दोन्ही हातांनी घेतलं आणि लांब कोपऱ्यात ठेवलं. ह्यांनी चित्र सुरू केलं. पोरगं बघतच राहिलं. वडिलांचा आवाज आल्यावर त्याच्या तोंडून "बाबा" असं निघालं, अगदी हळू. संपल्यावर डोळे पुसत म्हणाला, "मामा, कमाल केलीत तुम्ही! पण इतक्या वर्षांची ओल घालवली कशी?"

बघा, वाट आयती समोर आली होती. एक औषध मारलं म्हटलं असतं, तरी त्याला पटलं असतं. हे माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम शटरकडे बघितलं.

"ओल नव्हतीच," हे म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. खुंट्या, मित्राची टेप, चुरगळलेली कड. मध्ये मध्ये पाणी प्यायला थांबावं लागलं, पण काही वगळलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तेव्हापासूनच."

त्यानं मांडीवरचा हात उचलला. मग स्वतःच बटण दाबून चित्र परत पहिल्यापासून लावलं. ते पेला घेऊन येणारं पिल्लू पुन्हा आलं. "एक थेंब सांडला नाही पठ्ठ्यानं!" एवढा दाढीवाला बाप्या, पण विचारलं ते पहिलीतल्या पोरानं विचारावं तसं: "म्हणजे मी धांदरट नव्हतो?"

मीच म्हटलं, "नव्हतास रे राजा. कधीच नव्हतास." आणि मला रडू आवरलं नाही.

हे उठले. खुर्चीला धरून उभे राहिले. "ताईला सांगायला जातो मी. आत्ताच जातो. तू येतोस का रे बरोबर? मला एकट्याला..."

भाच्यानं मान हलवली. आवाज चढवला नाही, काही नाही.

"नको मामा. तुम्ही एकटेच जा. तेव्हा मीही एकटाच होतो."

ह्यांनी चपला घातल्या, शटरखालून वाकून बाहेर पडले, आणि ताईंच्या घराकडे चालायला लागले.