प्लग काढलेली गाडी

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारा माणूस. त्यात गाड्यांचं थोडंफार कळतं... म्हणूनच हे जास्त खटकतं.

मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचा. माझे काका मुरबाडजवळच्या एका गावात राहायचे. ते वारल्यावर काकू एकटी पडली, मूलबाळ नाही. गेल्या हिवाळ्यात तिला कायमची आमच्याकडे आणायला गेलो. काकांची जुनी पेट्रोल गाडीही घेतली — नंतर विकून टाकायची ठरवून. पण मुरबाडला येईपर्यंत ती मिसिंग मारायला लागली, आचके देऊ लागली.

भर दुपार होती. गॅरेजवाल्या बबनने इंजिनात ठिणगी पाडणारे चारही प्लग काढून पेपरवर ठेवले. काजळीने काळेकुट्ट.

"दादा, हे गेले. समोरच्या दुकानातनं नवीन आना."

काकू मागच्या सीटवर पेंगत होती. मी दुकानात गेलो. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, साधे आणि इरिडियमचे महागडे. "हे जास्त चालतील," तो म्हणाला. जास्त चालून करायचंय काय, गाडी तर विकायचीच... साधे घेतले.

रस्ता ओलांडताना इंजिनचा आवाज आला. एकसारखा, शांत — काका चालवायचे तेव्हा यायचा तसा.

बबन गाडीपासून लांब उभा होता. हातात पाना तसाच.

"दादा... चावी तुमच्याकडंच ना?"

चावी माझ्या खिशात. जुने प्लग पेपरवर, नवे माझ्या हातात. बॉनेट उघडं, प्लगची चारही भोकं रिकामी — आणि इंजिन चालू! मी बॅटरीची वायर ओढून काढली. तरी चालूच.

काकू आता पुढे येऊन बसली होती, ड्रायव्हरच्या सीटशेजारी. त्या रिकाम्या सीटकडे बघून हळूच म्हणाली, "थांबा ना वाईच. पोर दमलाय."

इंजिन बंद पडलं.

बबनने नवे प्लग बसवले. "गाडी काढा हितनं," एवढंच म्हणाला. शेणव्यापर्यंत काकू पुढच्याच सीटवर होती. मधूनच स्वतःशी हसायची.

त्याच आठवड्यात मी गाडी विकली. काकू रडेल असं वाटलं होतं.

"कुठं दिली रे?" तिने विचारलं.

"खर्डीला."

"मग काय लांब नाय. येतील."

एक मित्र म्हणाला, तापलेलं इंजिन कधीकधी बंद केल्यावरही फिरत राहतं. राहत असेल... पण प्लगच नसताना? त्यावर त्याने विषय बदलला.

हल्ली संध्याकाळ झाली की काकू धुतलेलं लुगडं नेसून ओटीवर येऊन बसते. रस्त्यावरून एखादी गाडी आत वळली की उठून उभी राहते. मी हात धरून तिला खाली बसवतो.

हात सोडवून घेताना तिचा जोर मात्र दिवसेंदिवस वाढतोय...