थोडी जास्तच हवा

आमच्या सासऱ्यांचा हात सढळ. चहात साखर, कुंड्यांना पाणी, नातवाच्या अंगावर स्वेटर. सगळं थोडं जास्तच. "कमी पडायला नको," हे त्यांचं पालुपद. कामावरही तोच खाक्या. शहराचं सांडपाणी शुद्ध होतं तिथे टाक्यांत हवा सोडणारी यंत्रं ते सांभाळतात. टाकीतले जिवाणू घाण खातात आणि त्यांना जगायला हवा लागते. मी तिथेच प्रयोगशाळेत पाणी तपासते, म्हणजे घरीदारी आम्ही एकमेकांच्या डोळ्यांसमोर.

पूर्वी एकदा यंत्रं बंद पडली होती. जिवाणू मेले, टाकी काळी पडली, गावभर दुर्गंधी सुटली आणि लोकांनी सासऱ्यांच्या नावानं शंख केला. तेव्हापासून सगळी यंत्रं रात्रंदिवस पूर्ण जोरात.

मग नव्या इंजिनिअर बाई आल्या. "काका, आपली निम्मी वीज या हवेतच जाते. त्यासाठी तिकडे वीजकेंद्रात कोळसा जळतो, धूर होतो आणि इथे गरजेपेक्षा जास्तीचे नुसते बुडबुडे. एक यंत्र थांबवू या."

"आणि जिवाणू मेले म्हणजे? तुम्ही बदली होऊन जाल, बोलणी मी खाईन!"

बाई हसल्या. "बटण तुमच्याच हाताशी आहे. वाटलं तर लगेच चालू करा."

यंत्र थांबलं. सासऱ्यांनी टाकीजवळ खुर्चीच टाकली. मी नमुना घ्यायला गेले की विचारायचे, "जिवंत आहेत ना गं?" आधी मला हसू यायचं. मग कळलं, माणसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एका सकाळी आंघोळी-धुण्यांच्या पाण्याचा लोंढा आला आणि टाकीतला प्राणवायू दाखवणारा काटा घसरू लागला. सासरे ताडकन उठले. बोट बटणावर.

"बाबा, जरा थांबा ना."

ते थांबले. काटा आणखी उतरला, अडखळला. उरलेल्या यंत्रांनी भार पेलला आणि तो सावकाश वर चढू लागला.

सासरे खुर्चीत बसले. एकदम थकलेले दिसले. "म्हणजे इतकी वर्षं उगाच गं," ते म्हणाले. "नुसत्या भीतीपोटी." मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं ते स्वतःच बाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"बाई, शेजारच्या टाकीचंही एक थांबवू या का? मी आहे इथे."