झाकण उचललं की रोलर थांबतो

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांवर मी कधी विश्वास ठेवला नाही. उलटतपासणी घेणं हा माझा पेशाच. तरीही लिहितेय... कारण या वेळी साक्ष माझीच आहे.

मी कुंभकोणमची, आमची मराठी तंजावरकडची. चेन्नईत पेटंटची वकिली करते. ऑफिसातल्या कॉपियर मशीनवरून एक अपील चालू होतं. कुंभकोणमच्याच मेलकावेरीतले एक इंजिनिअर, आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी, घरात त्यांना अप्पा म्हणत. त्यांचं पेटंट असं: झाकण उचललं की कागद ओढणारा रोलर 'स्टॉप' होतो, बोट अडकत नाही. आमची अशील कंपनी म्हणत होती, 'स्टॉप'मध्ये हळू होणंही आलं. हळू होणारे रोलर आधीपासून होतेच, तेव्हा यात नवं काही नाही, पेटंट रद्द करा. सगळं भांडण त्या एका शब्दावर. मधेच अप्पा वारले. केस त्यांची मुलगी, अक्का, लढवत होती.

अप्पांनी बनवलेलं मशीन बघायला, दोन्ही बाजूंच्या संमतीनं, मी आणि कंपनीचा इंजिनिअर त्यांच्या घरी गेलो. भर दुपार. करंट गेलेला. इंजिनिअर फोनवर बोलत बाहेरच थांबला. अक्कांनी मला पाणीही विचारलं नाही.

"आपल्यातली म्हणवतेस," त्या म्हणाल्या, "आणि अप्पांचा शब्द मोडावयास आलीस?"

हे माझं काम आहे, एवढं म्हणून मी मशीनचा कागदाचा ट्रे बघायला वाकले. प्लग जमिनीवर पडलेला मी स्वतः पाहिला होता... आणि रोलर फिरू लागला. ओढणीचं टोक आत गेलं. मी मागे खेचलं, तर त्यानं जास्त जोरात ओढलं — गळ्याला पीळ बसला, गाल ट्रेवर दाबला गेला. तोंडातून आवाज फुटेना. रागावलेलं माणूस दंड धरून ओढतं ना, तसं ते हिसके देत होतं.

अक्का नुसत्या बघत उभ्या होत्या. मग हळूच "पुरे, अप्पा" म्हणाल्या आणि झाकण उचललं.

रोलर जागच्या जागी थांबला. जराही मंदावला नाही, एकदम थांबला.

करंट आल्यावर इंजिनिअरनं प्लग लावला. मशीन हललं नाही. त्यानं मागचं पॅनल उघडलं, तर आत मोटरच नव्हती. अप्पांनीच ती दुरुस्तीला काढली होती, परत बसवायला ते राहिले नाहीत, असं अक्का म्हणाल्या. इंजिनिअर माझ्या गळ्यावरच्या वळाकडे बघत राहिला.

परतल्यावर मी सीनियरना सांगितलं, 'स्टॉप' म्हणजे हळू होणं, हे माझ्या तोंडून निघणार नाही. कारणही सांगितलं. त्यांनी फाइल काढून घेतली आणि दुसरी नोकरी बघ म्हणाले. युक्तिवाद त्यांनीच केला. कोर्टानं शब्दाचा साधा अर्थ धरला: स्टॉप म्हणजे पूर्ण थांबणं. कंपनीचं अपील फेटाळलं गेलं.

कोर्टाबाहेर मी अक्कांना गाठलं. त्या दिवशी ते काय होतं, तुम्हाला तरी ठाऊक आहे का, असं विचारलं.

आम्ही मंडळी आपसांत तमिळ बोलत नाही. त्या तमिळमध्ये बोलल्या, रस्त्यावरच्या परक्या बाईशी बोलावं तशा.

"एनक्कु तेरियादु."

मला ठाऊक नाही. हे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता... आणि मलाही आजवर त्यापलीकडे काही ठाऊक नाही.